जो हे थडगं उघडील, तो…

फ्रिजियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिमेकडच्या पठारावर, सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या थडग्यांवर एक ओळ पुन्हा पुन्हा भेटते. थडग्याला वाईट हेतूने हात लावणाऱ्याबद्दल ती म्हणते: त्याच्यामागे पोरकी लेकरं उरोत, विधवेचं जिणं उरो, ओसाड घर उरो.

पहिल्यांदा वाचताना ही ओळ अंगावर येते. थडगं आणि शाप म्हटलं की आपल्याला पिरॅमिड, ममी, रात्री हलणाऱ्या सावल्या आठवतात. इथे तसलं काहीच नाही. मेलेला माणूस उठून येईल, झोपेत गळा धरील, असं कुणी म्हणत नाही. मागितलेली शिक्षा पूर्णपणे घरगुती आहे: लेकरं, संसार, घर. म्हणून मला हे शाप भीतीचे वाटत नाहीत, काळजीचे वाटतात. मृत्युपत्राचं शेवटचं कलम असावं तसे ते आहेत. नातेवाईक, न्यायालय आणि दंड जिथे पोचणार नाहीत, तिथे लागू होणारं कलम.

आधी एक गल्लत दूर करू. ‘ग्रीक’ म्हटलं की डोळ्यांसमोर अथेन्स येतं. पण सॉक्रेटिस-प्लेटोच्या अथेन्समध्ये थडग्यांवर असे शाप जवळजवळ नाहीतच. हे लेख ग्रीक आहेत ते भाषेने. त्यांचा मुलूख म्हणजे आशिया मायनर: फ्रिजिया, लिडिया, लिशिया, किलिकिया. तिथे सापडलेल्या शाप-लेखांची संख्या चारशेच्या आसपास आहे आणि त्यातले बहुतेक इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकातले आहेत. तेव्हा राज्य रोमचं होतं, लिखापढी ग्रीकमध्ये चाले, आणि गावाकडच्या घरांत अजून जुन्या बोली जिवंत होत्या.

दुसरी गल्लत त्याहून मोठी. ग्रीक जगात शिशाच्या पातळ पत्र्यावर शाप लिहून, पत्र्याची गुंडाळी करून, त्यात खिळा ठोकून तो थडग्यात किंवा विहिरीत टाकायची चाल होती. त्यात एखाद्या ठरावीक माणसाचं नाव असे, म्हणजे कोर्टातला विरोधक, धंद्यातला स्पर्धक किंवा प्रेमातला प्रतिस्पर्धी. ते काम चोरून चाले. थडग्यावरचा शाप याच्या नेमका उलट आहे. तो उघड्यावर, सगळ्यांना दिसेल असा कोरलेला असतो आणि त्यात कुणाचंही नाव नसतं. तो ‘जर’वर उभा असतो: जर कुणी असं केलं, तर. कुणीच काही केलं नाही, तर तो दगडात तसाच निजून राहतो. पहिला प्रकार हल्ल्याचा आहे आणि दुसरा कुंपणाचा.

मग भीती नेमकी कशाची होती? आपण म्हणू, चोरांची, सोन्यानाण्याची. चोर होतेच. थडगी फोडण्याच्या गुन्ह्याला ग्रीकमध्ये ‘तिम्बोरिखिया’ असा स्वतंत्र शब्द होता आणि शिलालेखांत तो सतत येतो. पण लेखांमध्ये मनाई केलेल्या गोष्टींची यादी वाचली की वेगळंच चित्र उभं राहतं. उघडू नये. विकू नये. अक्षरं खोडू नयेत. दगड हलवू नये. आणि सगळ्यात जास्त वेळा येणारी मनाई अशी की यात दुसऱ्या कुणाला पुरू नये.

म्हणजे खरी धास्ती होती घुसखोरीची. पाषाणाची मोठी शवपेटी ही महागाची वस्तू होती. माणूस हयातीतच ती घडवून घेई आणि आत कोण झोपणार ते लिहून ठेवी: मी, बायको, मुलं, कधी मुक्त केलेले गुलामही. दोन पिढ्यांनंतर त्या नावांची ओळख पुसली की कुणीतरी झाकण उचलून आपलं माणूस आत ठेवायचा आणि बाहेर नवं नाव कोरायचा. घर आयतं मिळावं तसं थडगं आयतं मिळे. हे करणारा बऱ्याचदा दूरचा वारस किंवा शेजारीच असू शकत होता.

यावर पहिला उपाय शाप नव्हता, दंड होता. स्मर्ना, म्हणजे आजचं इझमीर, इथल्या एका संगमरवरी लेखात रुफिना नावाची ज्यू बाई बोलते. ती सिनॅगॉगची, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाची, प्रमुख होती. तिने आपल्या मुक्त केलेल्या गुलामांसाठी आणि घरात वाढलेल्या दासांसाठी थडगं बांधलं. दुसऱ्या कुणाला तिथे पुरायचा अधिकार नाही. कुणी धजावलाच तर त्याने ‘परमपवित्र खजिन्या’त 1500 दिनार आणि ज्यू समाजाला 1000 दिनार भरायचे. शेवटची ओळ मला फार आवडते: या लेखाची प्रत सरकारी दप्तरात जमा केली आहे. दगड फोडला तरी कागद राहील, याची तिने तजवीज केली होती. रकमेचा अंदाज हवा असेल तर, पहिल्या शतकाच्या अखेरीस सम्राट डोमिशियनने पगारवाढ दिल्यावर रोमन सैनिकाला वर्षाला 300 दिनार मिळत. त्या मापाने हा दंड आठ वर्षांच्या पगाराहून जास्त भरतो.

दंड सरकारला आणि समाजाला का द्यायचा, मृताच्या घरच्यांना का नाही? कारण घरचे उरतीलच याची खात्री नव्हती. खजिन्याला पैसे मिळणार असतील तर खजिना खटल्यात लक्ष घालील. काही ठिकाणी खबर देणाऱ्यालाही वाटा ठेवलेला आढळतो. म्हणजे ज्याचा मृताशी काहीच संबंध नाही, त्यालाही राखणीत रस निर्माण करायचा. विचार पक्का होता.

पण हे सगळं शहरात चालतं. जिथे दप्तर आहे, अधिकारी आहेत, चार लोकांची वर्दळ आहे, तिथे. फ्रिजियाच्या आतल्या भागात, पठारावरच्या वाड्या-वस्त्यांत थडगं शेताच्या बांधावर असे. रात्री कुणी झाकण सरकवलं तर साक्षीदार कुठून आणणार? म्हणून ढोबळमानाने असं दिसतं की लिशियासारख्या नगरांच्या मुलखात दंडाचे लेख भरपूर आहेत आणि फ्रिजियाच्या ग्रामीण भागात शापांचे. काही लेखांत दोन्ही शेजारी-शेजारी आहेत, आधी दिनार आणि मग देव.

कोकणात किंवा गोव्यात गधेगाळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप देणारा कोरीव दगड, पाहिलेल्या वाचकाला हे लगेच समजेल. ग्रीक शापांशी गधेगाळींचं कसलंही नातं नाही आणि तिथला विषय थडगं नसून दान दिलेली जमीन हा आहे. पण दान देणारा गेल्यावर त्या दानाची राखण कोण करणार, हा प्रश्न तोच आहे.

शापाची बांधणी पाहू. पहिल्या भागात गुन्हा सांगितलेला असतो. फ्रिजियात यासाठी एक कवितेतली वाटावी अशी ओळ ठरून गेली होती: ‘जो कुणी या थडग्यावर मत्सराने जड झालेला हात टाकील’. दुसऱ्या भागात कधी देवाचं नाव येतं. चंद्रदेव मेन येतो, पाताळातले देव येतात, सूर्य येतो. तिसऱ्या भागात शिक्षा. जमीन त्याला पीक न देवो. समुद्र त्याला वाट न देवो. अकाली संकटं त्याच्यावर कोसळोत. त्याचा निर्वंश होवो.

या शिक्षांत निवड आहे. थडग्याचा अर्थ त्या माणसांसाठी काय होता? तर मागे उरलेल्यांनी यावं, फुलं वाहावीत, नाव घ्यावं. थडगं म्हणजे वंशाने पूर्वजांशी राखलेला संबंध. तो तोडणाऱ्याचा वंश तुटावा, अशी ती मागणी आहे. तू माझं घर उजाडलंस, तुझं घर उजाडो. अकाली मृत्यूची शिक्षाही तशीच नेमकी आहे, कारण मुलाला आई-बापांनी पुरावं लागणं याइतकं वाईट त्या समाजात काही नव्हतं. आपल्याकडे ‘तळतळाट लागेल’ म्हणतात तेव्हा त्या शब्दात शाप देणाऱ्याचं दुःख आधीच धरलेलं असतं. हे लेख वाचताना मला तोच शब्द आठवतो.

आता यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट. फ्रिजियाची स्वतःची भाषा होती, फ्रिजियन. ग्रीकच्या रेट्याखाली ती दैनंदिन लिखाणातून कधीच गेली होती. तरी इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकातले शंभराहून जास्त लेख त्या भाषेत, ग्रीक अक्षरांत लिहिलेले सापडले आहेत. आणि त्यातले बहुतेक शाप आहेत! पुष्कळ दगडांवर वरचा मजकूर ग्रीकमध्ये असतो: अमक्याने तमकीच्या आठवणीसाठी हे उभारलं. मग खाली भाषा बदलते आणि शाप फ्रिजियनमध्ये येतो. नाव जगाला वाचायला ग्रीकमध्ये ठेवलं, आणि जिथे शब्दांना काम करायचं होतं तिथे आजीची भाषा वापरली.

तो शाप साधारण असा सुरू होतो: ‘इओस नी सेमून क्नूमानेई काकून आद्दाकेत’, म्हणजे जो कुणी या थडग्याचं वाईट करील. पुढे बऱ्याचदा ‘तोस नी’ येतं, म्हणजे तो. आणि शेवटी ‘तित्तेतिकमेनोस एइतू’, शापित होवो. काही दगडांवर ‘झेमेलोस के देओस के’ अशी जोड आहे: माणसांत आणि देवांत.

‘इओस… तोस’ हे शब्द मोठ्याने म्हणून पाहा. संस्कृतातला ‘यः’, त्यावरून आलेला आपला ‘जो’, आणि फ्रिजियन ‘इओस’ ही एकाच मुळाची पोरं आहेत. ‘तोस’ आणि आपला ‘तो’ यांचंही तसंच. फ्रिजियन ही इंडो-युरोपीय भाषा, म्हणून हे नातं खरं आहे, योगायोगाचं नाही. ‘जो करील, तो भोगील’ ही आपल्या तोंडात बसलेली वाक्यरचना फ्रिजियाच्या शेतकऱ्याने त्याच जुन्या सर्वनामांवर उभी केली होती. ही भाषा आज कुणी बोलत नाही. तिच्या शेवटच्या काळाबद्दल आपल्याला जे कळतं, त्यातलं बरंचसं या शापांमुळे कळतं.

अथेन्समध्ये असे शाप नव्हते असं वर म्हटलं, त्याला एक ठळक अपवाद आहे. तो मात्र खूप नंतरचा, दुसऱ्या शतकातला. हेरोदेस आत्तिकस हा त्या काळातला अतिशय श्रीमंत माणूस आणि नामवंत वक्ता. त्याने पोटच्या मुलासारखी वाढवलेली पोलिदेउकिओन, अखिलेस आणि मेम्नोन ही तिघं तरुण वयातच गेली. हेरोदेसने मॅरेथॉन आणि किफिसिया इथल्या आपल्या जमिनींवर, ती मुलं जिथे शिकारीला जात, वावरत, तिथे त्यांचे पुतळे आणि स्मृतिस्तंभ उभारले आणि त्यांवर शाप कोरले.

त्यातली सुरुवातच विलक्षण आहे. देवांची आणि वीरांची आण घालून तो म्हणतो: ‘ही जागा ज्याच्या ताब्यात आहे असा तू कुणीही असशील, यातलं काहीही कधी हलवू नकोस.’ एवढा धनाढ्य माणूस, पण जमीन आपल्या घराण्यात राहणार नाही हे त्याने गृहीत धरलं आहे. तो थेट पुढच्या अनोळखी मालकाशी बोलतो. जो मोडील किंवा हलवील त्याला जमीन फळ न देवो, समुद्र वाट न देवो, तो आणि त्याचं कूळ वाईट रीतीने नष्ट होवो. लगेच पुढे तो म्हणतो की जो हे जागच्या जागी राखील, मान देत राहील, त्याचं आणि त्याच्या वंशजांचं भलं होवो. मग पुन्हा काळजी उफाळून येते आणि तो बारकाईत शिरतो: विद्रूप करू नका, तोडू नका, टवका उडवू नका, चेहऱ्याचा आकार बिघडवू नका, कुणी केलंच तर त्यालाही हाच शाप. एकदा बजावून समाधान होत नाही, दाराबाहेर पडता पडता पुन्हा मागे वळून बजावावं, तसं हे आहे. हेरोदेसवर त्याच्या काळातल्या लोकांनी अति शोक करतो म्हणून टीका केली होती. मी त्या टीकेच्या बाजूने उभा राहू शकत नाही.

हेरोदेसच्याच शिष्यवर्गातला मानला जाणारा आम्फिक्लेस याचा लेख युबिया बेटावरच्या खाल्किसचा. त्याने एका पुतळ्याच्या रक्षणासाठी शाप लिहिला आणि त्यात ताप, हुडहुडी, पिकावरचा रोग, वेड, आंधळेपण अशी एक माळ ओवली. ही माळ ज्यूंच्या धर्मग्रंथातल्या ‘अनुवाद’ (ड्युटरोनॉमी) या भागाच्या 28व्या अध्यायातून, त्याच्या ग्रीक भाषांतरातून उचललेली आहे. आणि त्याच लेखात राखणदार म्हणून सूड घेणाऱ्या ग्रीक देवता, एरिनिस, यांनाही पाचारण केलं आहे. शापाला धर्माची भिंत आडवी आली नाही.

फ्रिजियात अक्मोनिया नावाचं गाव होतं. तिथल्या ज्यू कुटुंबांनी थडग्यांवर सरळ लिहिलं की ‘अनुवाद’मध्ये लिहिलेले शाप त्याला लागोत. असा एक लेख इसवी सन 248-249 चा आहे. सगळे शाप दगडावर कोरत बसायला नको, ग्रंथाचं नाव घेतलं की पुरे. तिथल्याच दुसऱ्या लेखात ‘शापाचा विळा त्यांच्या घरात शिरो आणि कुणालाही मागे न ठेवो’ असं येतं. हा विळा कुठून आला? जखऱ्या या संदेष्ट्याच्या पुस्तकात उडणारी गुंडाळी दिसते, चोराच्या घरात शिरून ते घर नष्ट करणारी. हिब्रूत गुंडाळीला ‘मगिल्ला’ आणि विळ्याला ‘मग्गाल’. ग्रीक भाषांतरात गुंडाळीच्या जागी विळा आला, आणि तो उडणारा विळा शेकडो वर्षांनी अक्मोनियाच्या थडग्यावर येऊन बसला.

ख्रिस्ती लोकांनी भाषा निवळवली. युमेनिया भागात तिसऱ्या शतकात एक छोटं वाक्य रूढ झालं: ‘त्याचा हिशेब देवाशी होईल.’ ना रोगाचं नाव, ना लेकरांचं. हे वाक्य बहुतेक ख्रिस्ती थडग्यांवर दिसतं, काही ज्यू थडग्यांवरही. कोणता देव, हे शेजाऱ्याने आपापल्या श्रद्धेनुसार समजून घ्यावं इतकी मोकळीक त्यात आहे.

या चालीची मुळं ग्रीकांच्या आधी पूर्वेकडे सापडतात. सिदोनचा फिनिशियन राजा तब्नित, इसवी सनापूर्वी 500 च्या आसपासचा. त्याची शवपेटी 1887 मध्ये उस्मान हमदी बे यांच्या उत्खननात सापडली. तीवर त्याचं कळवळून सांगणं आहे: मला उघडू नकोस, माझ्याजवळ चांदी नाही, सोनं नाही, उघडलंस तर सूर्याखाली तुला वंश न राहो आणि मेलेल्यांत तुला विसावा न मिळो. त्याच पेटीवर इजिप्तच्या चित्रलिपीतही मजकूर आहे. तो पेनप्ताह नावाच्या एका इजिप्शियन सेनापतीचा, पेटीच्या आधीच्या मालकाचा. ज्या घुसखोरीची भीती पुढे आशिया मायनरमध्ये शेकडो वेळा कोरली गेली, ती करूनच तब्नित त्या पेटीत निजला होता.

लोक या शापांवर खरंच विश्वास ठेवत का? ठेवत होते, याचा पुरावा लिडियात आहे. तिथे एखादं ठिकाण किंवा प्रकरण देवाच्या हवाली करायचं तर देवाचा राजदंड उभा करीत. थडग्यांच्या राखणीसाठीही असे राजदंड रोवल्याचे उल्लेख आहेत. इसवी सन 156-157 मधल्या एका लेखात तातियास नावाच्या बाईची हकिगत आहे. जावयाला वेड लागलं, सासूनेच विष घातलं अशी गावात कुजबुज झाली. ती कुजबुज खोटी ठरवायला तिने देवळात राजदंड रोवला आणि शाप ठेवले. लेख सांगतो, ती मनातून दोषी होती आणि देवांनी तिला शिक्षा केली. पुढे तिचा मुलगा देवराईजवळून जात असताना त्याच्या हातातला द्राक्षवेली छाटायचा कोयता पायावर पडला आणि त्याच दिवशी तो मेला. शेवटी नातवंडांनी देवांची करुणा भाकून तो शाप उतरवून घेतला. शाप पिढ्यांमागे फिरतो, ही नुसती म्हणायची गोष्ट नव्हती. ती मुलं ते ओझं वागवत जगली होती.

तरी थडगी वाचली नाहीत. चौथ्या शतकात कपादोकियात नाझियान्झसच्या ग्रेगरीने थडगी फोडणाऱ्यांविरुद्ध कवितांवर कविता लिहिल्या. त्याचा राग सोनं शोधणाऱ्यांवर होता आणि ख्रिस्ती हुतात्म्यांची देवळं बांधण्यासाठी जुन्या थडग्यांचे दगड काढून नेणाऱ्यांवरही होता. ग्रेगरी स्वतः ख्रिस्ती धर्मगुरू होता, आणि फोडली जाणारी बरीच थडगी ख्रिस्तपूर्व श्रद्धेच्या लोकांची होती. तो मात्र मेलेल्यांच्या बाजूने उभा राहिला.

आणि आबेरकिओस. फ्रिजियातल्या हिएरोपोलिसचा हा ख्रिस्ती वृद्ध. वयाच्या 72व्या वर्षी त्याने उभं राहून आपला छंदोबद्ध लेख लिहवून घेतला. रोम पाहिलं, सीरिया पाहिला, युफ्रेटिस ओलांडून निसिबिसपर्यंत गेलो, असं तो सांगतो. शेवटी तो थडग्याकडे वळतो: माझ्या थडग्यात दुसऱ्या कुणाला ठेवू नये, ठेवलंच तर रोमनांच्या तिजोरीत सोन्याची 2000 नाणी आणि माझ्या चांगल्या गावाला, हिएरोपोलिसला, 1000 भरावीत. त्याच्या शेजारच्या अलेक्झांडर नावाच्या माणसाला हा लेख इतका आवडला की इसवी सन 216 मध्ये त्याने सुरुवात आणि शेवट उचलून आपल्या थडग्यावर कोरून घेतला, दंडाच्या रकमांसकट. फक्त नाव बदललं. त्या नावाने छंद मोडतो, आणि त्यावरूनच कळतं की मूळ लेख आबेरकिओसचा.

अलेक्झांडरचा दगड पुरातत्त्वज्ञ विल्यम रॅमसे यांना 1881 मध्ये मिळाला. दोन वर्षांनी त्यांना आबेरकिओसच्या थडग्याचे दोन तुकडे सापडले, हमामाच्या भिंतीत बसवलेले. त्यांवर प्रवासाच्या ओळी शिल्लक आहेत. दंडाच्या ओळींचा भाग फुटून गेला आहे, आणि दगडावर त्या वाचायच्या तर अलेक्झांडरच्या थडग्यावर वाचाव्या लागतात.